डेसिबलची वही, आठवडा चौथा: ९४.० आलं आणि मी फसलो

गेल्या रविवारचे सगळे आकडे खोडले. नदीपात्रातल्या ढोल-ताशाच्या सरावाचे, अडीच तासांचे, एकूण एक. आवाज मोजणारा मीटर बरोबर, तो तपासायला ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देणारा कॅलिब्रेटर बरोबर, चूक माझी.

झालं असं, की आदल्या आठवड्यात सोसायटीच्या पाण्याच्या मोटरची घरघर मोजायला मीटर 'सी' वेटिंगवर टाकला होता (वेटिंग म्हणजे कुठल्या उंचीच्या सुरातून किती डेसिबल वजा करायचे ते सेटिंग; नेहमीचं 'ए'). तो तसाच राहिला. निघण्याआधी शिस्तीत कॅलिब्रेटर चढवला, ९३.६ दिसलं, बाजूचा बारीक स्क्रू फिरवून ९४.० केलं आणि खुशीत गाडी काढली. पण कॅलिब्रेटरचा सूर १ किलोहर्ट्झचा, आणि नेमकं तिथेच 'ए' आणि 'सी' दोन्हींची वजावट शून्य. सूर सलग असल्यामुळे फास्ट-स्लोही (आकडा किती वेगाने आवाजामागे धावतो ते सेटिंग) सारखंच दाखवतात. म्हणजे ९४.० आलं की माइक ठीक, एवढंच कळतं. सेटिंग कुठलं आहे, ते त्याला विचारूच नये!

संशय आला तो घरी. रात्री सगळं सामसूम, फक्त पंखा चालू, आणि मीटर म्हणतो ५४, एवढ्या शांततेला फारच जास्त. मग दिसला पडद्याच्या कोपऱ्यातला मुंगीएवढा 'सी'.

'ए' वेटिंग ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कापतं, १०० हर्ट्झला १९. 'सी' ६३ला एक डेसिबलही धड कापत नाही. ढोलाचा घुमारा तर तिथेच, खाली. म्हणून काल पुन्हा गेलो. पंधरा मीटरवर तिपाई, माइक सव्वा मीटर उंच, त्यावर फोमची टोपी, मी हातभर मागे (कानात बोळे घालून). नुसते ढोल चालू होते तेव्हा 'सी'वर ९८, 'ए'वर ८६. ताशे आत आले तशी 'सी' जेमतेम ९९ झाली, 'ए' मात्र थेट ९४! ढोल छातीत बसतो आणि ताशा कानात, हे वादक मंडळी म्हणतातच. आता वहीत उतरलं.

रेंज हाताने ८० ते १३०वर ठेवली, कारण ऑटोवर माझा मीटर दर ठोक्याला रेंज बदलत बसतो. फास्ट म्हणजे १२५ मिलिसेकंद, स्लो म्हणजे १ सेकंद. सुट्या ठोक्याला फास्टचा आकडा स्लोपेक्षा सहा-सातने वर उडतो, ताशाच्या तर्रीला, म्हणजे सलग कडकडाटाला, दोघे जवळजवळ हातात हात घालून चालतात.

एलईक्यू म्हणजे सगळ्या वेळेतल्या आवाजाचा एकच सरासरी आकडा; ही सरासरी मात्र ऊर्जेची, साधी नव्हे. दहा मिनिटांतली पाच मिनिटं पोरं पाणी प्यायला थांबली, तरी एलईक्यू फक्त ३ने उतरला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या निवासी भागाच्या मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५, याच 'ए' एलईक्यूच्या आहेत. रविवारचे 'सी'चे आकडे त्यांच्याशेजारी मांडून मी भांडायला निघालो होतो, हे आपल्यातच राहू द्या.

मीटरच्या पाठीवर आता कागदी चिकटपट्टी लावली आहे: वेटिंग, वेग, रेंज, वेळ. पेन्सिलीने भरल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

पुढे दिवाळीत फटाके. तिथे ४ मीटरवर १४५ डेसिबल 'सी' पीक (आवाजाच्या दाबाचं क्षणभराचं टोक) अशी मर्यादा आहे, आणि माझ्याकडे फक्त मॅक्स, म्हणजे फास्ट-स्लोच्या आकड्यांतला सगळ्यात मोठा. फास्टचा मॅक्स म्हणजे पीक नव्हे. फटाका त्या १२५ मिलिसेकंदांच्या आतच संपून जातो. पीक दाखवणारा मीटर कुणी एका संध्याकाळपुरता देईल का? चकली माझ्याकडून.