‘मिच्तातेल’मध्ये स्वप्न कुठे आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी रशियन शिकवते आणि दरवर्षी वर्गात हा प्रश्न येतोच: जागेपणी स्वप्नं पाहणाऱ्याला रशियन लोक ‘मिच्तातेल’ म्हणतात, मग त्या शब्दात स्वप्न कुठे आहे?

नाहीच. स्वप्नाला रशियनमध्ये ‘सोन’ म्हणतात. तो आपल्या ‘स्वप्न’चा सख्खा भाऊबंद, पण झोपेतला, झोपेलाही सोनच म्हणतात. उघड्या डोळ्यांनी पाहतो ती ‘मिच्ता’, आणि तिचं मूळ भासात आहे. जुन्या चर्च-स्लाव भाषेत हा शब्द आभासासाठी, नसलेलं दिसण्यासाठी होता. निजण्याआधी म्हणायच्या एका ऑर्थोडॉक्स प्रार्थनेत देवाकडे हलकी झोप मागतात, ‘सैतानाच्या मिच्तानिए’पासून मोकळी. ती ओळ प्रथम वाचली तेव्हा मी थबकले. लेकराला ‘तुला मोठेपणी काय व्हायचंय, तुझं स्वप्न काय’ असं विचारताना आज जो शब्द तोंडी येतो, त्याच्याच कुळातला शब्द इथे सैतानाची करणी होता!

शेवटचा ‘तेल’ करणाऱ्याचा. पिसातेल म्हणजे लेखक, उचीतेल म्हणजे शिक्षक. दातृ, कर्तृ यांतल्या ‘तृ’शी त्याचं नातं बरेच भाषाशास्त्रज्ञ लावतात. म्हणजे मिच्तातेल हा मुळात भासांत रमणारा. पुश्किननं १८१५ मध्ये या नावाची कविता लिहिली. १८४८ मध्ये दस्तयेव्हस्कीनं ‘शुभ्र रात्री’ला ‘एका मिच्तातेलच्या आठवणींतून’ असं उपशीर्षक दिलं. त्या कथेतला एकटा, पीटर्सबर्गच्या घरांशी मनातल्या मनात बोलणारा तरुण भेटल्यापासून मला या शब्दाबद्दल माया वाटते. जुना भास त्यात अजून आहे, पण त्याची भीती उरलेली नाही.

आणि व्याकरण! रशियनमध्ये ‘पुष्कळ’नंतर मोजता येणाऱ्या नामाचं षष्ठीचं अनेकवचन लागतं. एकदा एक विद्यार्थिनी फळ्यावर ‘पुष्कळ स्वप्नं’ लिहायला गेली. ‘म्नोगा’ लिहिलं आणि खडू हवेतच राहिला. नियमानं रूप ‘मेच्त’ व्हायला हवं, पण ते वापरत नाहीत, असं कोश सांगतात. स्वप्न एक असेल तर मिच्ता चालते; पुष्कळ असतील तर दुसऱ्या शब्दाचं रूप उसनं घ्यावं लागतं. मी तिच्या हातून खडू घेतला आणि लिहिलं, ‘मिच्तानिय’. प्रार्थनेतल्या त्या मिच्तानिएचंच अनेकवचन.