पॅरिसला येणाऱ्या आप्तांसाठी: पाकीट, पासपोर्ट आणि फोन

मे महिना जवळ आला की पुणे, नाशिक, कोल्हापूर येथून पॅरिसला येऊ घातलेल्या नातेवाइकांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. थंडी किती असेल, शाकाहारी जेवण कुठे मिळेल हे विचारून झाले की शेवटी, काहीशा संकोचाने, प्रश्न येतो: ‘तिकडे भीतीचे काही कारण नाही ना?’ फोनवर याचे उत्तर नेहमी घाईत दिले जाते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पॅरिसमध्ये पर्यटकाच्या जिवाला धोका क्वचितच असतो. धोका असतो तो त्याच्या खिशाला. येथील चोर सहसा शस्त्र दाखवत नाही किंवा मारहाण करत नाही. तो गर्दीत मिसळतो आणि आपले लक्ष दुसरीकडे जाण्याची वाट पाहतो. हा उपद्रव किती मुरलेला आहे याची कल्पना दोन घटनांवरून यावी. एप्रिल 2013 मध्ये लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या टोळ्यांना वैतागून काम बंद ठेवले, आणि त्या दिवशी संग्रहालय उघडलेच नाही. मे 2015 मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणासाठी काम थांबवले. जेथे रोज वावरणारी माणसे हतबल होतात, तेथे चार दिवसांसाठी आलेल्या माणसाने केवळ स्वतःच्या सावधपणावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. दिवसभर कोणीही सावध राहू शकत नाही, आणि इतक्या दुरून शहर पाहायला आलेल्याने तसे राहूही नये. म्हणून माझे सांगणे असे असते, की क्षणभराच्या दुर्लक्षात जे जाईल ते कमीत कमी असावे, अशी व्यवस्था घरूनच करून निघावे.

सर्वांत आधी पासपोर्ट. तो हॉटेलात ठेवावा की जवळ बाळगावा, यावर घरोघरी वाद होतात. फ्रान्सच्या कायद्यानुसार पोलिसांनी विचारल्यास परदेशी व्यक्तीला आपली कागदपत्रे दाखवता आली पाहिजेत, त्यामुळे तो जवळ असावा या मताची मी आहे. मात्र पर्समध्ये किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये कदापि नको. कपड्यांच्या आत कमरेला बांधायची सपाट पिशवी मिळते, तिच्यात तो ठेवावा आणि चारचौघांत ती पिशवी उघडू नये. पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या छायाप्रती सामानात आणि स्वतःच्या ई-मेलमध्ये असाव्यात. पैशांच्या बाबतीत आपल्याकडील एक सवय येथे घातक ठरते: सगळ्या कुटुंबाचे पैसे आणि कार्डे एकाच कर्त्या माणसाच्या पाकिटात असतात. नवरा-बायकोने वेगवेगळ्या बँकांची कार्डे स्वतंत्र बाळगावीत, एक कार्ड खोलीतील तिजोरीत राहू द्यावे, आणि बाहेर पडताना त्या दिवसापुरतेच युरो घ्यावेत. येथे बहुतेक सर्वत्र कार्ड चालते, त्यामुळे नोटांचे पुडके बाळगण्याचे काही कारण उरत नाही.

फोनचा विचार मात्र लोक पुरेसा करत नाहीत, आणि आज माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान फोन जाण्यानेच होते. भारतीय सिमकार्डावर बँकेचा ओटीपी येतो, त्याच फोनमध्ये विमानाची तिकिटे, हॉटेलचा पत्ता, नकाशा आणि मुलांचे नंबर असतात. तो गेला की माणूस अनोळखी भाषेच्या शहरात एकदम निराधार होतो. सिमला पिन लावून ठेवावी, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये घालून कोणाला वापरता येणार नाही. *#06# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक (म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, हॉटेलचा पत्ता आणि घरच्या दोघांचे नंबर हे सर्व एका कागदावर लिहून तो कागद दुसऱ्याच्या खिशात द्यावा. वडीलधाऱ्यांच्या खिशात तर हा कागद असायलाच हवा.

चोरीच्या जागा आणि पद्धती ठरलेल्या आहेत. विमानतळावरून शहरात येणारी आरईआर बी ही गाडी, लूव्र आणि शाँझेलिझे या प्रसिद्ध रस्त्यावरून जाणारी मेट्रोची 1 क्रमांकाची मार्गिका, आयफेल टॉवरजवळून जाणारी 6 क्रमांकाची मार्गिका आणि गार द्यु नोर हे स्थानक येथे विशेष जपावे. मेट्रोत चोर दाराजवळ उभा राहतो. दारे बंद होण्याची शिट्टी वाजते, त्याच क्षणी तो हातातील फोन हिसकावून बाहेर उडी घेतो आणि गाडी आपल्याला घेऊन पुढे निघून जाते. त्यामुळे दारालगत उभे राहून नकाशा पाहू नये. सरकत्या जिन्यावर पुढचा माणूस अचानक थबकला आणि मागचा अंगावर आला, तर हात आधी पिशवीवर जावा.

रस्त्यावरील प्रकार निराळे असतात. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी काही तरुण आपल्या मनगटाला रंगीत दोरा बांधू लागतात आणि मग पैसे मागतात. आपल्याला देवळात हात पुढे करून दोरा बांधून घेण्याची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते: तेथे हात खिशात ठेवून चालत राहावे. मुक्या-बहिऱ्यांसाठी सह्या गोळा करत असल्याचे भासवणाऱ्या मुली, सीन नदीच्या काठी आपल्या पायाशी ‘सापडलेली’ सोन्याची अंगठी देऊ करणारा माणूस, आयफेल टॉवरच्या आसपास तीन वाट्यांखाली गोळी लपवून पैजा लावणारे हे सर्व एकाच धंद्यातले. त्या वाट्यांच्या खेळात जिंकणारा प्रेक्षकही त्यांचाच साथीदार असतो. कोणाशीही उद्धट वागण्याची गरज नाही; न थांबता ‘नों, मेर्सी’ म्हणून पुढे गेले की पुरते.

विमानतळाच्या आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ विचारणाऱ्याबरोबर जाऊ नये. अधिकृत टॅक्सी बाहेरच्या रांगेत मिळते आणि शार्ल द गोल विमानतळापासून तिचे भाडे ठरलेले असते: 2025 मध्ये ते सीनच्या उजव्या तीराला 56 आणि डाव्या तीराला 65 युरो होते.

दागिन्यांविषयी लिहिणे नाजूक आहे. मंगळसूत्र काढून ठेवा असे मी माझ्या काकूला किंवा मावशीला सांगणार नाही, कारण त्यामागची भावना मला ठाऊक आहे. परंतु वाट्या आणि जाड साखळी असलेले मंगळसूत्र, पाटल्या आणि कानातील जड सोने घरच्या लॉकरमध्ये ठेवून, काळ्या मण्यांचे साधे मंगळसूत्र घालून, त्यावर स्कार्फ घ्यावा असा आग्रह मी नक्की धरते.

आणखी एक धोका चोरांशी संबंधित नाही, आणि वयस्कर पाहुण्यांच्या बाबतीत मला त्याचीच जास्त काळजी वाटते. येथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे लागते, आणि आपली मान सवयीने उजवीकडे वळते. 2020 पासून र्यू द रिव्होलीसारखा मोठा रस्ता बव्हंशी सायकलींना दिलेला आहे. त्या वेगाने आणि आवाज न करता येतात. सायकलींच्या पट्ट्यात उभे राहून फोटो काढू नयेत.

इतके करूनही चोरी झालीच, तर प्रथम कार्डे बंद करावीत आणि मग जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. प्रवास विम्याचा दावा त्या कागदाशिवाय पुढे सरकत नाही. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात विनामूल्य लागतो. फ्रान्समध्ये पोलिसांसाठी 17 आणि वैद्यकीय मदतीसाठी 15 आहे. पासपोर्ट गेला असेल तर पॅरिसच्या 16व्या विभागात असलेल्या भारतीय दूतावासाकडे जावे लागते. तेथे मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र केवळ भारतात परतण्यापुरते असते, त्यामुळे पॅरिसनंतर लंडनचा बेत आखलेला असल्यास तो सोडून द्यावा लागतो. अर्जासोबत पोलिसांची तक्रार, जुन्या पासपोर्टची छायाप्रत आणि फोटो लागतात. फोटो काढून घ्यायला त्या धांदलीत फिरावे लागू नये म्हणून पासपोर्टसाठी चालतील असे काही फोटो निघतानाच सामानात टाकावेत, आणि छायाप्रतींच्याच पाकिटात ठेवावेत.