चकाकणारं लुगर पाहिलं की आधी शंका घ्या

शंभर वर्षांपूर्वीचं लष्करी पिस्तूल आरशासारखं चमकत असेल, तर बहुतेक वेळा त्याच्यावर कुणीतरी हात चालवलेला असतो. चामड्याच्या म्यानात घासून नळीच्या टोकाची निळाई (पोलादावर मुद्दाम आणलेला निळसर-काळा संरक्षक थर) उडणं, मुठीच्या मागच्या पट्टीवर तळहाताच्या घामाने राखाडी छटा येणं, या खुणा मोलाच्या आहेत. त्या पुसल्या की उरतं ते फक्त जुनं लोखंड.

जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेलं लुगर, म्हणजे पी-०८, नजर तयार करायला उत्तम, कारण ते नखशिखांत क्रमांकांनी भरलेलं असतं. पूर्ण क्रमांक फ्रेमवर (मुठीसकटचा मूळ सांगाडा), नळीवर आणि रिसीव्हरवर (नळी जिथे बसते तो वरचा भाग), तर लहान भागांवर त्याचेच शेवटचे दोन आकडे. टॉगल (वरचा गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा), बाजूची झाकणपट्टी, चाप, सेफ्टी, सगळं तपासायचं. दहा हजारांचा टप्पा संपला की क्रमांकानंतरचं अक्षर बदलायचं, आणि नव्या वर्षी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे क्रमांक, अक्षर, कारखाना आणि चेंबरवरचं (नळीमागे काडतूस बसतं त्या भागावरचं) साल हे चारही एकत्र वाचावे लागतात. नुसत्या क्रमांकावरून काही ठरत नाही. चेंबरवर १९१७ आणि त्याच्या वर १९२० अशी दोन सालं दिसली तर ती चूक नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी मालकी दाखवायला १९२० चा शिक्का मारत असत.

आता रंग. जुनी निळाई गंज चढवून, उकळून, घासून थरावर थर देत केलेली असायची. तिला खोल, थोडी मऊ झाक असते. नंतर आलेली गरम क्षारांच्या हौदातली निळाई जास्त काळी आणि तुकतुकीत दिसते. पहिल्या महायुद्धातल्या लुगरचा चाप, सेफ्टीचा खटका, मॅगझीनचं बटण हे भाग वाळल्या गवतासारखे पिवळट असायला हवेत. तेही निळेकाळे असतील तर अख्खं पिस्तूल हौदात बुडवून काढलंय हे जवळजवळ नक्की. ते पिवळे असले पण नारिंगीकडे झुकत असले, तरीही सावध राहा: कुणीतरी बर्नरने तापवून तो रंग नव्याने चढवलेला असू शकतो.

बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमक आणणं, ओळखायला भिंग लागत नाही. खिडकीकडे तोंड करून सपाट पृष्ठभाग तिरका धरा आणि त्यात खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब पाहा. रेघ सरळ असेल तर ठीक. ती लाटेसारखी हलली, किंवा भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट दिसल्या, तर चाक फिरलंय. शिक्क्यांच्या रेषा एका बाजूने बुजलेल्या दिसतात तेही याचंच लक्षण.

वेब्ली मार्क सहामध्ये भानगड वेगळीच. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेलं हे सहा इंची नळीचं ४५५ बोअरचं रिव्हॉल्व्हर पुढे अनेकांनी अमेरिकी ४५ एसीपी (कोल्टच्या स्वयंचलित पिस्तुलाच्या) काडतुसांसाठी सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसणाऱ्या फिरत्या दंडगोलाची, मागची बाजू खरवडून घेतलं. खरवडताना तिथला क्रमांक कापला जातो, आणि तोच पुरावा. यात निव्वळ मूळपणाचा प्रश्न नाही: त्या काडतुसाचा दाब या बंदुकीच्या मूळ प्रमाणाबाहेर जातो. एकमेकांकडे टोक केलेले दोन बाण दिसले तर तो सरकारी सेवेतून विक्रीला काढल्याचा शिक्का.

रशियन नागां १८९५ या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र सगळे क्रमांक जुळले म्हणून हुरळून जाऊ नये. अनेक नग सोव्हिएत शस्त्रागारांत पुन्हा निळे केलेले, जुना क्रमांक खोडून नवा दिलेले आहेत. तोही त्यांचा इतिहासच; फक्त त्याला ‘कारखान्यातून आलंय तसं’ म्हणून विकू नये, एवढंच.

हाताळण्याचं बोलायचं तर पहिलं काम मॅगझीन काढून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहणं. स्क्रू उघडायला समांतर कडांचं, खाचेत घट्ट बसणारं पान वापरा. साधा निमुळता स्क्रूड्रायव्हर वर सरकतो आणि खाच कायमची फाटते. लुगरची डावी मूठ वरून उचकटू नका, सेफ्टीच्या खटक्याजवळचा बारीक लाकडी कोपरा हमखास उडतो. स्क्रू काढून ती खालच्या बाजूने हळूच सैल करायची.

लाल गंजावर सॅंडपेपर नको. पातळ तेलात दिवसभर भिजवून, तांब्याच्या पट्टीच्या कडेने खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने खालचा थर सहसा शाबूत राहतो. तरी हात हलकाच हवा. निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचं द्रावण लावू नका, ते मुलाम्याखालचं तांबं खातं आणि निकेल पापुद्र्यासारखं सुटतं. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात, सुती हातमोजे घालून.

आणि पिस्तूल म्यानात ठेवू नका. चामड्यातली आम्लं आणि क्षार ओल धरतात, महिन्या-दोन महिन्यांत त्या आकाराचा गंज उमटतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत, पिस्तूल वेगळं, म्यान वेगळं. म्यान घेताना लुगरच्या झाकणाच्या आतला छोटा खिसा उघडून पाहा: तिथे मॅगझीन भरायला आणि स्क्रू फिरवायला दिलेलं छोटं हत्यार असायचं. आता बरेचदा तिथे नक्कल असते, आणि अस्सल हत्यारावरही तपासनिसाचा शिक्का शोधावा लागतो.