पडलेल्या फणसाच्या जागी: परसातल्या मांगराची कार्यशाळा

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होते, तेव्हा १६ तारखेला आमच्या परसातला जुना फणस मुळासकट उपटला गेला. तो पूर्वेकडे कलंडला, म्हणून त्याच्या पश्चिमेला असलेल्या मांगराचे, म्हणजे परसातल्या कौलारू छपरीचे, एक कौलही फुटले नाही. त्या झाडाखाली आमच्या घरातल्या तीन पिढ्या खेळल्या होत्या, त्यामुळे त्याचे लाकूड जळणात घालायचे नाही हे मी त्याच दिवशी मनाशी ठरवले. पावसाळा संपल्यावर ओंडके मिलवर नेऊन त्यांच्या दोन-दोन इंच जाडीच्या फळ्या काढून आणल्या. फळ्यांची टोके तडकू नयेत म्हणून त्यांना रंग लावला, हवा खेळावी म्हणून प्रत्येक दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घातल्या आणि सगळी थप्पी मांगरात रचून ठेवली. साधारणपणे इंचाला एक वर्ष असा लाकूड सुकण्याचा हिशेब असतो. तेवढ्या काळात काम करण्यासाठी जागा तयार करावी, असा विचार त्या थप्पीकडे पाहतानाच पक्का झाला.

माझे वडील सुतारकाम करत असत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून नोकरी लागेपर्यंत मी त्यांच्या हाताखाली पाट, चौरंग आणि पाळण्याचे दांडे घडवायला शिकले होते. त्यांचे रंधे, पटाश्या, वाकस आणि गिरमिट मी पेटीत जपून ठेवले होते. निवृत्तीनंतर ती हत्यारे पुन्हा हातात घ्यायची होती, पण माजघरात भुसा आणि ओटीवर करवतीचा आवाज घरातल्या कोणाला सोसण्यासारखा नव्हता.

आमचा मांगर १४ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. त्याच्या तीन बाजूंना मातीत रचलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती असून पूर्वेची बाजू दोन ऐनाच्या खांबांवर उघडी होती, आणि पावसाळ्यात तिला झावळ्यांच्या झड्या बांधल्या जात. आमच्याकडे जागा वाढवायची म्हटली की छपराचे पाखे खाली ओढून पडवी काढण्याची पद्धत आहे आणि मुलानेही तेच सुचवले. मी कागदावर हिशेब मांडला. मांगराची वळचण जमिनीपासून साडेसहा फुटांवर होती. मंगलोरी कौलांना साधारण ३० अंशांचा उतार लागतो, म्हणजे छप्पर एक फूट बाहेर आले की ते जवळजवळ सात इंच खाली येते. सहा फुटांची पडवी काढली असती तर तिच्या टोकाला जेमतेम तीन फूट उंची उरली असती, आणि मला तर आठ फुटी प्लायवूड उभे करून फिरवता येईल एवढी उंची हवी होती. त्यामुळे फणस गेल्याने मोकळ्या झालेल्या पूर्वेच्या जागेतच, मांगराला जोडून पण त्याच्याहून उंच, १६ बाय १२ फुटांचा नवा भाग बांधायचे ठरले.

ग्रामपंचायतीकडे अर्ज, हाताने काढलेला नकाशा, सातबारा, घराचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती आणि दोन्ही शेजाऱ्यांची संमतीपत्रे दिली. मासिक सभेत अर्ज मंजूर होऊन परवानगी हातात पडेपर्यंत दीड महिना गेला. ज्यांना पावसाआधी छप्पर चढवायचे असेल, त्यांनी हा अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पाया खणायला घेतला. तीन फुटांवर कातळ लागेल असा अंदाज होता आणि तीन बाजूंना तो बरोबर ठरला, पण चौथ्या बाजूला फणसाचे बुंध्याएवढे जाड मूळ आडवे गेलेले निघाले. गवंडी माझाच माजी विद्यार्थी असल्याने अजून मला बाई म्हणतो. तो म्हणाला, “बाई, वरचं कापून टाकू, खालचं राहू दे, दिसणार थोडंच आहे?” मी ऐकले नाही. जमिनीत राहिलेले मूळ कुजते, त्याला वाळवी लागते आणि त्या जागी पोकळी झाली की वरची भिंत खचते. त्या बाजूला साडेचार फूट खोल जाऊन शेवटचे मूळ काढले, खड्डा दगड आणि काँक्रीटने भरून आणला, आणि पाया भरून झाल्यावर आतल्या मातीवर व भिंतींच्या कडेने वाळवीप्रतिबंधक औषध मारून घेतले. या एका मुळापायी पाच दिवस आणि जास्तीचे बारा हजार रुपये गेले, परंतु त्या खर्चाची मला आजही खंत वाटत नाही.

खरा प्रश्न नव्या आणि जुन्या बांधकामाच्या सांध्याचा होता. जुन्या भिंतीत दाते काढून नवा चिरा त्यात गुंतवायचा, म्हणजे दोन्ही भिंती एकजीव होतील, असे गवंड्याचे मत होते. ऐकायला ते पटण्यासारखे असले तरी तालुक्यातील एका अभियंत्यांनी जागा पाहून त्याच्या अगदी उलट सल्ला दिला. जुनी भिंत फूटभर पायावर साठ-सत्तर वर्षे बसून स्थिर झालेली आहे आणि नवी भिंत पहिली दोन वर्षे थोडी तरी बसणार. दोघींना बांधून टाकले तर नवी खाली जाताना जुनीला ओढेल आणि चीर नेमकी कमकुवत ठिकाणी, म्हणजे मातीच्या सांध्यांतून जाईल, असे त्यांनी समजावून सांगितले. म्हणून नव्या भागाला स्वतःचे चार खांब आणि स्वतःची तुळई दिली, दोन्ही भिंतींमध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवली, तीत डांबरी पुठ्ठा भरला आणि आतल्या बाजूने एकाच कडेला खिळलेली लाकडी पट्टी लावून ती झाकली. दोन वर्षांनी त्या पट्टीमागे पाहिले, तेव्हा नवा भाग दोन-तीन मिलिमीटर खाली बसलेला दिसला आणि जुन्या भिंतीला कुठेही चीर नव्हती.

एप्रिलमध्ये विहिरीचे पाणी खाली गेले आणि काँक्रीटला पाणी मारायची पंचाईत झाली. खांबांना गोणपाट गुंडाळून ते सकाळ-संध्याकाळ भिजवायचे आणि रात्री त्यावर प्लास्टिक बांधायचे, असे दहा दिवस मी स्वतः केले. हे काम कोणावरही सोपवू नये असे मला वाटते, कारण पाणी कमी पडलेले काँक्रीट वरून काही वेगळे दिसत नाही.

नव्या छपराला कौले घालावीत ही मनातली इच्छा होती, परंतु आमच्याकडे वानरांच्या टोळ्या येतात आणि १२ फुटांवरची कौले वर्षातून दोनदा बदलत बसणे या वयात झेपणारे नव्हते. शेवटी लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर रंगीत पत्रे घातले. पत्र्याचे स्क्रू नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर आणि रबरी वायसरासह बसवून घ्यावेत. खोलगट भागात मारणे सोपे जाते म्हणून कामगार तिथे मारू पाहतात, पण सगळे पाणी तिथूनच वाहत असते. पत्र्याखाली उकडते, म्हणून दोन्ही त्रिकोणी भिंतींत, आढ्याच्या खाली, जाळीचे झरोके ठेवले.

आमच्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनचे पहिले दोन आठवडे कोरडे निभावले. जुलैत पश्चिमेचा वारा सुटला आणि एका सकाळी दार उघडले तर तुळईखालून पाण्याची ओघळ बाकापर्यंत आलेली होती. बाकावर ठेवलेल्या वडिलांच्या लोखंडी रंध्याचा तळ एका रात्रीत गंजाने तांबडा झाला होता. तो रंधा हातात घेतल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी लपवत नाही.

पाणी नेमके कुठून येते हे चार दिवस कळेना. पत्र्याचे सगळे स्क्रू तपासले, कौले चाळून घेतली, तरी ओघळ कायम होती. मग मी एक उपाय केला. भिंतीच्या आतल्या बाजूला, तुळईच्या वर, कोरड्या गेरूच्या भुकटीचा हातभर रुंद पट्टा कुंचल्याने ओढला आणि सरीची वाट पाहिली. अर्ध्या तासात त्या पट्ट्यावर दोन बारीक पांढरट रेघा धुऊन निघाल्या आणि दोन्ही रेघा वर जाऊन जिथे पोहोचत होत्या, तिथे बाहेरून जुन्या मांगराची कौले नव्या भिंतीला टेकत होती. नवा भाग उंच असल्यामुळे त्याच्या पश्चिमेच्या भिंतीचा वरचा त्रिकोण जुन्या छपराच्या वर उघडा राहतो आणि पावसाचा सगळा मारा तो झेलतो. चिरा सच्छिद्र असल्याने तो पाणी पितो. कौल आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात गवंड्याने सिमेंटचा वाटा, म्हणजे तिरकी भरणी, मारला होता, पण कौले उन्हाने आणि वानरांच्या उड्यांनी हलतात, भिंत हलत नाही. वाट्याला केसासारखी भेग पडली होती आणि वाऱ्याच्या दाबाने पाणी त्या भेगेतून आत ढकलले जात होते. पायाशी ज्या सांध्याची एवढी काळजी घेतली, तोच सांधा छपराशी मी विसरले होते.

पावसाळाभर तिथे ताडपत्री बांधून दिवस काढले. ऑक्टोबरात वाटा फोडून काढला, कौलांच्या वर सहा इंचांवर, उताराच्या रेषेतच, चिऱ्यात इंचभर खोल खाच कटरने पाडून घेतली आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची काटकोनात वाकवलेली पट्टी तीत बसवली. पट्टीची वरची कड खाचेत पक्की आहे आणि खालची आठ इंचांची बाजू कौलांवर नुसती टेकते, कशालाही चिकटवलेली नाही, त्यामुळे कौले हलली तरी काही तुटत नाही. भिंतीच्या त्या त्रिकोणाला जलरोधक मिसळलेला गिलावा करून वर रंग दिला. सगळा खर्च साडेसात हजार रुपये आला. बांधकामाच्या वेळीच केले असते तर तो निम्म्यात झाला असता. रंध्याचा तळ रॉकेल आणि पॉलिश पेपरने घासून काढायला मला तीन दुपारी लागल्या.

विजेच्या कामात मात्र मी सुरुवातीपासून काटकसर केली नाही. पूर्वी मांगरात मागील दारातून ओढलेल्या वायरीवर एक दिवा लागत असे. त्याच वायरीवर दीड अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ११०० वॅटची, गोल करवत चालवणे धोक्याचे होते, कारण सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जमिनीखालून पाइपातून आणली, कार्यशाळेसाठी कोळसा आणि मीठ घालून स्वतंत्र अर्थिंग केले आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात खडखडीत होते, म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतते. दिव्यांची आणि यंत्रांची वायरिंग मी मुद्दाम वेगळी ठेवायला लावली. यंत्राचा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडला आणि त्याबरोबर दिवेही गेले, तर अंधारात अजून फिरत असलेल्या पात्याजवळ आपण उभे राहतो, ही गोष्ट घरगुती कार्यशाळा करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जोते दीड फूट उंच घेतले आणि कोबा घालण्यापूर्वी खाली जाड प्लास्टिक अंथरले, म्हणून जमिनीतून ओल येत नाही. हवेतली ओल अर्थातच राहते. हत्यारांच्या कपाटात पावसाळाभर ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब जळत ठेवते आणि पात्यांवर तेलाचे बोट फिरवते. बाक उत्तरेच्या खिडकीखाली आहे. तिथे दिवसभर एकसारखा उजेड असतो आणि आखणीच्या रेघेवर हाताची सावली पडत नाही. बाकाची उंची मी माझ्या मनगटाला मोजून ३१ इंच ठेवली. बाजारात मिळणारे बाक माझ्या उंचीला वर पडतात आणि तासभर रंधा मारला की खांदे भरून येतात.

एकूण खर्चाचा अंदाज एक लाख नव्वद हजारांचा होता, तो दोन लाख चौसष्ट हजारांवर गेला. त्यात चिरे आणि वाहतूक यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

बाकाची आताची वरची फळी त्या फणसाचीच आहे. ताजी रंधली तेव्हा ती हळदीसारखी पिवळी होती, आता तपकिरी होत आली आहे, आणि जिथे पटाशीचा ओरखडा पडतो तिथे आतला पिवळा रंग अजून दिसतो. त्यानंतर तिघा भाचवंडांसाठी पाट झाले आणि सध्या देव्हाऱ्याचे खांब चालू आहेत. पट्टी बसवल्यापासूनच्या पावसाळ्यांत गेरूचा पट्टा दर जूनला नव्याने ओढते आणि तो सप्टेंबरपर्यंत कोरडा राहतो. वळचणीचे पाणी पन्हळीने विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचे काम मात्र राहिले आहे. पाइप आणून ठेवले आहेत, आणि ते येत्या मेपूर्वी बसवून घेणार आहे.