होकार

पेरणी सुरू झाली एकदाची. ट्रॅक्टरवाला म्हणे आजच मोकळा आहो, उद्या येत नाही, की झालं, हे पहाटेच निघून गेले आणि मी डबा घेऊन पोचले तर अर्धं सोयाबीन मातीत गेलेलं. तसं काही चुकलं नाही, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणतात कृषीवाले, तेवढा पाऊस झालाच. तरी दिवसभर जीवाला कसंतरीच. सुरू करताना कोणाला विचारलंच नाही.

संध्याकाळी चिंगीच्या अभ्यासात इनॉगरेट आला. गाईडमध्ये उद्घाटन करणे, बस. मी मोबाईलवर मूळ शोधलं आणि तिथंच अडकले. लॅटिन शब्द आहे तो. रोममध्ये ऑगर नावाचे पुरोहित असत, मोठं काम असलं की आधी आभाळाचा एक भाग ठरवून घ्यायचे आणि तिथं पक्षी कुठून येतात, कसे उडतात ते बघायचे. रोम वसवताना म्हणे दोघा जुळ्या भावांपैकी रेमसला ६ गिधाडं दिसली आणि रोम्युलसला १२. पण मला लागलं ते वेगळंच, ते भविष्य सांगत नव्हते! भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस किती, पीक किती सांगतात तसं नाही, हे काम सुरू करू का, देवाची ना तर नाही, एवढंच विचारायचं. होकार घेऊन केलेली सुरुवात.

मामाजी तसेच. पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडायला लागला की धुऱ्यावरून मलाच हाक, सूनबाई, आयकलं का वं? आता... जाऊ द्या. अंदाज आता मोबाईलवर रोज येतो, चांगलाच असतो, पण अंदाज म्हणजे होकार नाही ना. माझं दुखणं तेच आहे.

मग पुढं वाचलं, रोमची फौज पिंजऱ्यात कोंबड्या न्यायची, त्यांनी दाणे अधाशासारखे खाल्ले की शुभ. सिसेरो म्हणून रोमचा एक मोठा वक्ता आणि पुढारी होता, तो स्वतः ऑगर, त्यानंच लिहून ठेवलंय की उपाशी कोंडलेला पक्षी दाण्यावर तुटून पडणारच. म्हणजे घाईत होकार काढून घेणारे तेव्हाही होतेच. इ.स.पू. २४९ मध्ये तर कोंबड्या खाईनात म्हणून एका सेनापतीनं त्या समुद्रात फेकल्या, आणि लढाई हरला. आमचे हे तसे नाहीत. चांगला पाऊस होईपर्यंत थांबले, तेही एक विचारणंच झालं, आणि ट्रॅक्टरचं भाडं काय असतं ते मलाही माहीत आहे.

वरच्या वावरात सरकी टोबायची राहिली आहे. ते आम्हा बायांचं काम, तिथं सुरू कधी करायचं ते मी सांगणार.