तुम्ही विचारलंत म्हणून : कानाला खटकते ते काय?

मी सोलापुरात मुद्रितशोधनाचे काम करतो, हे कळल्यावर बाहेरगावचे पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात : "इथले लोक 'काय करायलास' म्हणतात, भाकरीला 'तो' म्हणतात, तुमच्या कानाला त्रास होत नाही का?" त्रास होतो, पण तो या बोलण्याचा नाही.

'करायलोय', म्हणजे 'करतोय', ही चूक नव्हेच. मी करायलोय, ती करायलीय, ते करायलेत अशी लिंगवचनाप्रमाणे ही रूपे शिस्तीने बदलतात आणि लातूरकडेही ती ऐकू येतात. भाकरीला 'तो' म्हणणे ही मात्र चूक आहे, पण तिला कारण आहे. शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि या दोन्ही भाषांत निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंगी-पुल्लिंगी असा भेद नसतो. त्यामुळे ती भाकरी, तो तवा आणि ते ताट हे या माणसांना एकेक शब्द घेऊन लक्षात ठेवावे लागते. 'भाजी'ची 'बाजी'ही अशीच होते. उलट 'पाणी'तला ण आणि 'बाळ'मधला ळ त्यांच्या तोंडी अगदी ठसठशीत येतो, कारण ते वर्ण त्यांच्या घरच्या भाषेत आहेत. 'चाक'मधला दंतमूलीय, म्हणजे 'चहा'तल्यापेक्षा वेगळा, च तर तेलुगू बोलणाऱ्याला शिकवावाही लागत नाही. कन्नड बोलणाऱ्याला तो प्रयत्नाने साधावा लागतो.

मला खटकते ते ज्यांची भाकरीच भाषेवर आहे त्यांचे बोलणे. मराठी वाहिनीवरचा निवेदक "पूरग्रस्तांची मदत करा" असे म्हणतो, तेव्हा तो हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय लावत असतो; मराठीत मदत पूरग्रस्तांना करायची असते. "मी त्याला बोललो" हेही तसेच. आपण एखाद्याला म्हणतो किंवा सांगतो, आणि बोलतो ते त्याच्याशी.

सर्वांत जास्त वेदना होतात त्या छापील चुकांनी. बोललेला शब्द हवेत विरतो, फलकावरचा मात्र सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत हजारो मुलांच्या डोळ्यांसमोर राहतो. 'दिपावली', 'महत्व', 'उज्वल' हे नेहमीचेच, पण 'आर्शिवाद' हा शब्द मी आजवर किती वेळा खोडला असेल, याची मोजदाद नाही. मूळ शब्द आशिस्. त्याला 'वाद' जोडताना स् चा र् होतो, 'शि' दीर्घ होते आणि तो र् रफार होऊन 'वा'च्या डोक्यावर बसतो : 'आशीर्वाद'. एका लग्नपत्रिकेत मी ही दुरुस्ती केली होती. छपाईच्या वेळी ती पुन्हा 'आर्शिवाद' करण्यात आली, कारण "सगळीकडे असंच असतं" असे डीटीपी करणाऱ्या मुलाला वाटले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मला राग आला होता, तरीही मी त्याला जवळ बसवून शब्दाची फोड कागदावर लिहून दाखवली. त्या मुलाची मातृभाषा तेलुगू आहे आणि तोवर शाळेत किंवा कामावर त्याला हे कोणीही सांगितलेले नव्हते. हल्ली एखादा शब्द अडला की तो छापण्याआधी मला फोन करतो; परवा त्याने 'महत्त्व'मध्ये दोन त कशासाठी, असे विचारले, आणि महत् व त्व अशी फोड सांगताच 'तत्त्व'ची फोड त्याने स्वतःच करून दाखवली.