तुम्ही विचारलंत म्हणून: झाकोळून नाही का गेलीस?

मागे एका गॅलरीत ग्रुप शो होता, आम्ही पाच नवखे आणि मधोमध मृणालिनी मुखर्जींचं एकच मोठं शिल्प, आणि माझं काथ्याचं काम नेमकं त्याच्या शेजारी. तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारतो, एवढ्या मोठ्या नावाशेजारी झाकोळून नाही का गेलीस?

गेले की, खोटं कशाला बोलू! लोक दारातून आत आले की सरळ तिकडेच. पण तो शिल्पाचाच गुण आहे, नावाचा नाही, कारण निम्म्या लोकांना नाव माहीतही नव्हतं. मुखर्जींचा जन्म मुंबईचा, १९४९ चा, वडील चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, आई लीला स्वतः शिल्पकार. बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या आणि बाकीचे दगड, ब्राँझ करत असताना ही बाई सुतळीसारखा जाड दोर रंगवून हाताने गाठी मारत बसली, आधी स्केच वगैरे काही नाही, गाठीवर गाठ मारत जायचं आणि त्यातून माणसाएवढ्या ‘यक्षी’, ‘देवी’ उभ्या राहायच्या. नंतर सिरॅमिक आणि ब्राँझही केलं, पण माझा जीव दोरातच. २०१५ ला दिल्लीत एनजीएमए या सरकारी आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं आणि त्याच दिवसांत त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या कला संग्रहालयातलं प्रदर्शन तर २०१९ चं.

असे शो काही वेळा नुसते जुळवलेले असतात हेही खरं. आमच्यातल्या एकाचा व्हिडिओ होता, त्याचा आणि मुखर्जींचा संबंध भिंतीवरच्या मजकुरातला ‘निसर्ग’ हा शब्द, बास. (तो स्वतःच हसत होता.)

माझं मात्र वेगळं झालं. मांडणीच्या दिवशी हातमोजे घालून मदतीला उभी होते, तेव्हा शिल्पाच्या घडीच्या आत डोकावता आलं, जिथे बघणाऱ्याची नजर कधीच पोचणार नाही तिथे, आणि तिथेही गाठ तेवढीच घट्ट, तेवढीच नेटकी. माझ्या कामाच्या मागच्या बाजूला ग्लू गनचे ओघळ होते हो. कुणाला दिसत नाही म्हणून. त्या रात्री वॉचमनच्या शिव्या खात दोन वाजेपर्यंत बसून एक कोपरा सगळा उसवला आणि गोंद न लावता पुन्हा बांधला, बोटं सोलली, बाकीचं तसंच राहिलं, वेळच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक काकू आल्या, आधी मुखर्जींचं शिल्प बघितलं मग माझं, आणि म्हणाल्या, ‘दोन्ही मॅक्रमेच ना?’ (दोराला गाठी मारून घरोघरी शोभेच्या वस्तू करतात ते.) इतका आनंद मला त्या शोमध्ये दुसऱ्या कशाने झाला नाही, एका वाक्यात दोघींना एकत्र बसवलं बाईंनी.

इन्स्टावर त्या शोचे जेवढे फोटो आले त्या सगळ्यांत माझं काम आहे, मागे, अर्धं कापलेलं. पुन्हा बांधलेला तो कोपरा नेमका फ्रेमच्या बाहेर.